मालवणचा रकाना

मालवण,
ता. २८ जून १९६४

चि. कावेरीस अनेक आशीर्वाद.

आज रविवार. पहाटेपासून पाऊस. साडेसातला उघडीप मिळाली तेव्हा बंदरावर जाऊन पाणी काढले. घरी येऊन आंघोळ, पूजा, मग आकडा: २८ अंश. नंतर जेवण. दुपारी पुन्हा पाऊस. आता पत्राला बसलो आहे.

तू पाठवलेला थर्मामीटर गुरुवारी पोचला. लाकडाच्या भुशात नीट बांधला होतास, म्हणून शाबूत आहे. पोस्टमनने पेटी कानाशी हलवून पाहिली होती. तीस वर्षे मोजणी खात्यात साखळी ओढली, तेव्हा रोज एक आकडा लिहिणे मला जड नाही. आकड्यापुढे ऊन, पाऊस, वारा हेही लिहितो. तू मागितलेले नाहीस, पण खात्याची सवय आहे.

बंदरावर थोडी अडचण होते. पहिल्याच दिवशी गंगाराम जाळे विणत बसला होता. मी थर्मामीटर काढलेला पाहून त्याने विचारले, "सर्व्हेरांनू, दर्याक ताप इलो की काय?" मग बाकीच्यांनाही कंठ फुटला. आता दर्याचा सातबारा कोणाच्या नावावर चढवणार, असे एकाने विचारले. उत्तर द्यायला तुझी दुर्गामावशी हवी होती.

चैत्रात ती गेल्यापासून सकाळ लांबते. त्या दृष्टीने तुझे काम बरे आहे. पण अक्का दसऱ्याला बेळगावहून येणार आणि मला घेऊनच जाणार. घर बंद करून कायमचे बहिणीकडे राहायचे हे बाराव्याच्या दिवशीच ठरले आणि मी हो म्हटले आहे. त्यामुळे आकडे दसऱ्यापर्यंतच मिळतील.

एक विचारतो. समुद्राच्या तळाशी पाणी बर्फासारखे थंड असते असे तू लिहिलेस. आपल्याकडे तर वरून एवढे ऊन. मग खाली थंडी कुठून?

काका


कोची,
ता. ९ जुलै १९६४

ती. काकांना सा. नमस्कार.

गंगारामचा प्रश्न मी ऑफिसात इंग्रजीत करून सांगितला. आमचे साहेब फार कमी हसतात, ते हसले. पण लगेच म्हणाले, "तुमच्या काकांचा समुद्र झाला. आता मामांचाही एखादा महासागर आणा." नातेवाइकांच्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नाही. मी म्हटले, आमचे काका दोन भावांच्या बांधात वीतभर फरक निघाला तर पुन्हा पहिल्या दगडापासून मोजायचे. तेव्हा बघू म्हणाले.

बायकांना बोटीवर घेत नाहीत. बोट परत आली की बाटल्या आणि वह्या आमच्या टेबलावर येतात. मी समुद्राच्या ऑफिसात आहे, पण समुद्र पाहते तो बाटलीतून. सध्या पश्चिम किनाऱ्याचा तक्ता करते आहे. प्रत्येक बंदराला एक रकाना. कोची भरले, मंगळूर भरले, कारवार थोडे. पावसाळ्यात आपली बंदरे बंद, बोटी लांबून जातात. त्यामुळे गोव्यापासून रत्नागिरीपर्यंत सगळे कोरे. त्या कोऱ्यात तुम्ही आहात.

आता तुमचा प्रश्न. आंघोळीच्या हंड्यात गार पाणी ओतून न ढवळता हात घातला तर वर कढत आणि तळाला गार लागते ना, तसेच हे आहे. फक्त गार पाणी ओतणारा फार लांब बसला आहे. दक्षिण ध्रुवाजवळ समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ आत घेत नाही, बाहेर टाकते. उरलेले पाणी आधीच थंड, आता जास्त खारट, म्हणून जड. ते बुडते, तळ गाठते आणि तळाने उत्तरेकडे सरकत राहते. आपल्या समुद्रात दोन मैल खाली आजही दीड-दोन अंश मिळतात ते ह्या पाण्याचे.

सारखे खाली जाते म्हणजे कुठेतरी वरही आले पाहिजे. त्यातले पुष्कळसे पुन्हा दक्षिणेकडेच वर येते. तिथे पश्चिमेचे वारे बारा महिने सुटलेले असतात, ते वरचे पाणी बाजूला सारतात आणि खालचे वर येते. ह्या फेऱ्यात सगळ्या पृथ्वीची उष्णता वाटली जाते. कुठे किती थंडी, कुठे किती पाऊस, हे बरेचसे त्यावर ठरते. हवा आपल्याला दिसते, म्हणून आपण तिलाच हवामान म्हणतो. खालचा कारभार कोणी पाहत नाही.

आपल्या किनाऱ्यावरही पावसाळी वाऱ्यांनी थोडे पाणी वर येते असे केरळात दिसले आहे. मालवणपर्यंत येते का, कोणालाच माहीत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात आकडा उतरला तर समजायचे की आले.

दसऱ्यापर्यंत म्हणता. मला डिसेंबरपर्यंत हवे होते. पण तुम्ही हो म्हटले असेल तर मी काय बोलणार.

तुमची कावेरी


मालवण,
ता. २६ जुलै १९६४

चि. कावेरीस आशीर्वाद.

सोबत चार आठवड्यांचे आकडे आहेत. बहुतेक २८, तीनदा २७॥ (साडेसत्तावीस). एकही दिवस चुकलेला नाही. आषाढातल्या त्या मोठ्या वाऱ्यात छत्री गेली. गंगारामने ती वाळूतून आणून दिली, पण तिच्या काड्या राहिल्या नव्हत्या.

तू लिहिलेले मी त्याला सांगितले. दक्षिण ध्रुवाचे पाणी तळाने आपल्याकडे येते, आणि भाद्रपदात मालवणला वर निघेल. त्याने जाळे खाली ठेवले आणि नीट ऐकले. मग म्हणाला, "थंयसून हंय येवक त्या पाण्याक वाट कोणी दाखयल्यान?" पुढे त्याने आपणहून सांगितले की गणपतीच्या सुमारास कधी कधी पाय घातला तर पाणी गार लागते, आणि त्या दिवसांत कोळंबी अगदी कडेला येते. त्याचा बापही हे सांगत असे. हे तुझ्या कामाचे असेल.

अक्काचे पत्र आले. १५ ऑक्टोबरला दसरा आहे. ती कुडाळला गाडी बदलून आदल्या संध्याकाळी पोचेल. तिने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे. खिडकीतून रस्ता दिसतो असे लिहिते.

बुडालेले पाणी पुन्हा वर यायला किती वर्षे लागतात?

काका


कोची,
ता. ८ ऑगस्ट १९६४

ती. काकांना सा. नमस्कार.

गंगारामला माझा निरोप सांगा की काका चुकले, आणि चूक माझी आहे. मी दोन गोष्टी एका पत्रात कोंबल्या. मालवणला जे वर येईल ते ध्रुवावरून थेट आलेले नव्हे. ते शंभर-दीडशे मीटर खालचे असेल. तळाचे पाणी त्याच्याही पुष्कळ खाली आहे. पण ह्या थरांना खालून गार ठेवणारे तेच. म्हणजे थेट पाहुणा नव्हे, पाहुण्याच्या घरचे कोणीतरी. आणि वाट दाखवतो तो वारा, पृथ्वीचे फिरणे आणि पाण्याचे स्वतःचे वजन. हे त्याला पटले नाही तर मलाही कळवा, कारण आमच्या साहेबांनाही सगळे पटलेले नाही.

कोळंबीचे मात्र मी लाल पेन्सिलीने लिहून घेतले. खालच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ते वर सरकले की कोळंबी त्याच्यापुढे कडेला पळत असावी. आम्ही हे पुस्तकातून शोधतो आहोत आणि गंगारामचे वडील सांगून गेले.

किती वर्षे, ते नक्की कोणी सांगत नाही. काहीशे म्हणतात, कोणी हजारही. पण येते.

बेळगावच्या खिडकीतून रस्ता दिसतो हे ऐकले. तुम्हाला काय वाटते ते तुम्ही लिहिले नाहीत.

तुमची कावेरी


मालवण,
ता. १३ सप्टेंबर १९६४

चि. कावेरीस आशीर्वाद.

ह्या वर्षी आपल्याकडे गणपती आणला नाही. सुगंधावहिनींनी शेजारून ताट पाठवले. उकडीचे मोदक अकरा होते. मी सहा खाल्ले, बाकीचे बंदरावर गेले.

आता आकडे पाहा. २९ ऑगस्टला २७. २ सप्टेंबरला २६. ८ तारखेपासून रोज २५. पाच दिवस एकसारखे २५. गंगारामने स्वतः पाण्यात पाय घालून गार असल्याचे सांगितले. शुक्रवारी कोळंबीही आली. सकाळी बायका लुगडी खोचून टोपल्यांनी भरत होत्या. महादू नावाच्या तरुण मच्छीमाराने मला विचारले की आता पाणी पुन्हा कधी वर येणार तेही थर्मामीटरात दिसते काय. आता कोणी सातबाऱ्याचे बोलत नाही.

मला बरे वाटले. हे मी लिहितो आहे कारण तू मागे विचारले होतेस. अक्काला कळवावे म्हणतो की मी डिसेंबरनंतर येतो. सरकारी काम अर्धवट सोडता येत नाही, एवढे कारण तिला पुरेल.

उघडीप पडल्यापासून दुपारची ऊब आहे, वारा कोरडा. समुद्राच्या पाण्याच्या मडक्याला बाहेरून पांढरे धरते. रोज पुसतो, रोज येते.

काका


कोची,
ता. १९ सप्टेंबर १९६४

ती. काकांना सा. नमस्कार.

तुमचे आकडे मी काल सकाळी तक्त्यात भरले आणि साहेबांना दाखवले. ते खुर्चीवरून उठले. संध्याकाळी तुमचे पत्र पुन्हा वाचले तेव्हा शेवटची ओळ पाहिली.

कोणते मडके? पाणी मडक्यात किती वेळ असते? आकडा बंदरावर वाचता की घरी? मला परत टपालाने कळवा. घाबरू नका, पण कळवा.

कावेरी


मालवण,
ता. २४ सप्टेंबर १९६४

चि. कावेरीस आशीर्वाद.

तू विचारलेस त्याप्रमाणे लिहितो.

सुतक फिटल्यावर घरातली जुनी मडकी टाकून नवी आणतात. अक्काने बाजारातून नेहमीप्रमाणे दोन आणली. आणल्यावर तिच्या लक्षात आले की आता घरात एकच माणूस. मला प्यायला एक पुरते. दुसरे रिकामे होते. तांब्याची कळशी तुझ्या मावशीची. ती समुद्रात घालावीशी वाटली नाही. म्हणून मडके घेतले.

थर्मामीटर बंदरावर वाचत नाही. पहिले दोन दिवस वाचला. लोक हसतात, मग चष्म्यावर पाणी येते आणि रेघ दिसत नाही. तिसऱ्या दिवसापासून पाणी घरी आणतो, ओटीवर ठेवतो, आंघोळ-पूजा आटोपून सावकाश वाचतो. दीड तास होत असेल. तुझ्या सूचनेत 'लगेच' हा शब्द होता. मी तो वाचला होता. समुद्र एवढा मोठा, दीड तासात काय फरक पडणार, असे वाटले.

तुझे पत्र वाचून होईपर्यंत मला कळले. नवे मडके पाझरते, पाझरलेले वाऱ्याने सुकते आणि आतले गार होते. म्हणूनच आपण पाणी मडक्यात ठेवतो. हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. बाहेर धरते ते मीठ. आणि उघडीप पडल्यापासूनच आकडा उतरला. म्हणजे मी समुद्र मोजला नाही, मडके मोजले.

आकडे टाकून दे. तुझ्या साहेबांना माझे नाव सांग, चूक तुझी नाही. डिसेंबरचे अक्काला लिहिलेले पत्र टाकले नव्हते, ते फाडले. दसऱ्याला तयार आहे असे कळवले आहे.

काका


कोची,
ता. ३० सप्टेंबर १९६४

ती. काकांना सा. नमस्कार.

साहेबांना सांगितले. ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "चुकीच्या आकड्यापेक्षा कोरा रकाना बरा." आणि पेन्सिलीने मालवणवर उभी रेघ मारली. मी खोडरबर वापरले नाही. रेघेखाली तुमचे आकडे अजून दिसतात.

मला राग आला आहे, पण तुमचा नाही. पहिल्याच पत्रात विचारायला हवे होते. बाटली कोणती, दोरी केवढी, हे सगळे बोटीवरच्यांना मी विचारते. काकांना काय विचारायचे, असे वाटले.

गंगारामचे पाय मडक्यात नव्हते, काका. कोळंबीही नव्हती. हे मी साहेबांना म्हटले. ते म्हणाले, पायाला अंश नसतात.

बेळगावला जायचे ते ह्या आकड्यांमुळे जाऊ नका. जायचे असेल म्हणून जा. मोठ्यांना असे लिहू नये हे मला माहीत आहे.

तुमची कावेरी


मालवण,
ता. ९ ऑक्टोबर १९६४

चि. कावेरीस आशीर्वाद.

मी मागच्या पत्रात आकडे टाकून दे असे लिहिले. ते घाईने लिहिले.

मोजणीची साखळी वर्षानुवर्षे ओढून लांबते. कड्या झिजतात. लांबलेल्या साखळीने गाव मोजले तर सगळी शेते कमी भरतात. १९४१ साली कसालच्या बाजूला आमच्या हातून असे एक पूर्ण गाव मोजले गेले. तेव्हा आमच्या साहेबांनी मोजणी टाकली नाही. साखळी किती लांबली ते काढले आणि तेवढी दुरुस्ती प्रत्येक आकड्याला लावली. चूक नेमकी किती हे कळले की तिच्या पोटातला खरा आकडा निघतो. हे मला त्या दिवशी आठवले नाही. दुसऱ्या दिवशी दाढी करताना आठवले.

२५ सप्टेंबरपासून रोज दोन्ही भांडी नेतो. तांब्याच्या कळशीतले पाणी बंदरावरच, लगेच वाचतो. मडके पूर्वीसारखे घरी आणतो आणि दीड तासाने वाचतो. दोन्हीतला फरक म्हणजे मडक्याने खाल्लेले अंश. पंधरा दिवस झाले. पाऊस असेल तर मडके अर्धा अंश खाते. ढग असतील तर एक. ऊन आणि कोरडा वारा असेल तर दीड. ह्यात पाव अंशापेक्षा जास्त इकडेतिकडे एकदाही झाले नाही. आणि प्रत्येक जुन्या आकड्यापुढे ऊन, पाऊस, वारा मी लिहिलेलाच आहे.

म्हणजे जुलैतले २८ हे खरे २८॥. सप्टेंबरातले २५ हे खरे २६॥. दुरुस्ती लावूनही दोन अंश उतरतात. शिवाय २५ सप्टेंबरला खुद्द कळशीत २६॥ होते आणि आज पावणेअठ्ठावीस आहे. त्यात मडक्याचा संबंध नाही. पाणी आले होते, आणि आता परत चालले आहे.

सोबत दोन्हींचा तक्ता दोन प्रतींत आहे. साहेबांना दाखव. त्यांनी नाही म्हटले तरी मला चालेल. माझे गणित मी तपासले आहे.

खाऱ्या पाण्याने कळशी हिरवी होते. रोज चिंचेने घासतो. आता ती पूर्वीपेक्षाही लख्ख आहे. बंदरावर सगळ्यांदेखत वाचतो. गंगाराम आकडा मोठ्याने ओरडून सांगतो, मला ते आवडत नाही, पण त्याला आवडते.

अक्का बुधवारी येते.

काका


कोची,
ता. १५ ऑक्टोबर १९६४

ती. काकांना सा. नमस्कार.

आज इथेही दसऱ्याची सुट्टी आहे, पण साहेब ऑफिसात आले होते. तुमचा तक्ता त्यांनी तासभर पाहिला. मी चहा दोनदा गरम केला. शेवटी विचारले की हे गृहस्थ कोणत्या विद्यापीठात होते. मी म्हटले, कुडाळ तालुक्यातल्या शेतांत. म्हणाले, आमच्या खोल पाण्याच्या थर्मामीटरांनाही प्रत्येकी वेगळी दुरुस्ती लागते, आणि ती न लावता आकडे पाठवणारे लोक मी बोटीवर पाहिले आहेत.

मग त्यांनी स्वतः खोडरबर घेतले. मालवणचा रकाना आता भरला आहे, जुन्या आकड्यांखाली तुटक रेघ आणि बारीक अक्षरांत 'दुरुस्तीसह'. कळशीच्या आकड्यांखाली सबंध रेघ. केरळात दिसलेली थंडी निदान मालवणपर्यंत पोचते असे एका हंगामापुरते म्हणता येईल. पुढच्या वर्षी पुन्हा दिसली तर जरा मोठ्याने म्हणता येईल.

डिसेंबरपर्यंत तरी आकडे चालू राहावेत असे त्यांनी विचारायला सांगितले. मी म्हटले, काका बेळगावला जाणार आहेत. त्यावर ते म्हणाले, बेळगावला समुद्र कुठे आहे?

हे पत्र पोचेपर्यंत तुम्ही तिथे असाल की नाही मला माहीत नाही. मालवणच्याच पत्त्यावर टाकते.

तुमची कावेरी


मालवण,
ता. २१ ऑक्टोबर १९६४

चि. कावेरीस आशीर्वाद.

तुझे पत्र काल आले. अक्का परवा, सोमवारी सकाळी गेली. तेव्हा साहेबांचे काय ते मला माहीत नव्हते, हे आधी सांगतो.

अक्का बुधवारी संध्याकाळी पोचली. दसऱ्याच्या दिवशी तिने ट्रंक काढून माझे कपडे भरायला घेतले. मी बाजूला बसून होतो. शुक्रवारी देवाची भांडी कागदात बांधली. शनिवारी तिने विचारले की कळशी न्यायची की सुगंधावहिनींना द्यायची. मी म्हटले, ती सकाळी लागते. ती म्हणाली, बेळगावला नळ आहे. मग मी सांगितले.

"अक्का, माका हंयच ऱ्हवाचा आसा."

तिने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "माका ह्या चैत्रात सांगलं असतंस तर खोलयेचो रंग तरी वाचलो असतो." तिने विचारले की मी इथे एकटा काय करणार. मी म्हटले, पाणी मोजणार. कशासाठी, असे तिने विचारले. मी तिला हंड्याचे उदाहरण दिले, दक्षिण ध्रुवाचे सांगितले, वाऱ्याचे सांगितले. मला वाटते मी आयुष्यात तिच्याशी एवढा वेळ कधी बोललो नव्हतो. तिने ऐकले आणि म्हणाली, "दुर्गा आसती तर तिना तुका गप ऱ्हव म्हटला असता." आणि हसली. मग थोडी रडली. मीही.

रविवारी ती माझ्याबरोबर बंदरावर आली. गंगारामने ओरडून आकडा सांगितला, तेव्हा तिने त्याला विचारले की हा इथे नीट जेवतो का. तो म्हणाला, "जेवतत. पण बोलणत नाय." एवढ्यावर दोघांचे जमले. जाताना तिने त्याला आपला पत्ता लिहून दिला आणि काही कमी-जास्त झाल्यास कार्ड टाकायला सांगितले. त्याला लिहिता येत नाही, हे त्याने सांगितले नाही आणि मीही नाही. दिवाळीनंतर चार दिवस बेळगावला ये म्हणते. जाईन. तेवढे दिवस आकडा कोणी घ्यायचा ते ठरवावे लागेल. महादूला वाचता येते.

साहेबांना माझा नमस्कार सांग. डिसेंबरपर्यंत नव्हे, पुढच्या भाद्रपदापर्यंत चालू राहील असे कळव. एका हंगामाच्या मोजणीवर मीही सही केली नसती.

आज सकाळी २८ होते. ट्रंकेतले कपडे पुन्हा खुंटीवर गेले. पावसाचा मारा अडवायला ओटीच्या पश्चिमेला बांधलेल्या झावळ्यांच्या झडी अजून तशाच आहेत. त्यांच्यामुळे ओटीवर दिवसाही अंधार असतो. घर बंदच करायचे होते म्हणून सोडवल्या नव्हत्या. पाऊस आता येत नाही. पत्र पेटीत टाकून येतो आणि त्या सोडवतो. वरची गाठ स्टुलावर चढून मग खालची, असे केले तर एकट्याला जमते.

काका